सगळंच कसं आपटतं हो?

पिक्चर आपटला, शेअर आपटला, उमेदवार आपटला! अरे, आपटायला वेग लागतो, आवाज लागतो. पहिल्याच शुक्रवारी थिएटर रिकामं, तर आपटला म्हणा. चौथ्या आठवड्यात गर्दी ओसरली, तरी आपटलाच? सेन्सेक्स अर्धा टक्का घसरला की लगेच 'बाजार कोसळला'. मग निर्देशांक १० टक्के पडून व्यवहारच थांबवावे लागतात, त्या दिवशी काय म्हणणार? पाताळात गेला? अनामत वाचलेला उमेदवार नुसता 'पडतो'. एकषष्ठांश मतांच्याही वर जाता आलं नाही, डिपॉझिट जप्त झालं, तो तोंडावर आपटतो. गडगडणं, ढेपाळणं, तोंडघशी पडणं काय शोभेला ठेवलंय? आणि कविता 'पाडणाऱ्यांनो', तुमच्याकडे नंतर बघू!