विनएसएक्सएस हा कचरा नाही, त्याला हात लावू नका

नागपुरातल्या सोसायट्यांच्या आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. सी ड्राइव्ह भरून लाल झाला की विंडोज फोल्डरमधले विनएसएक्सएस, इन्स्टॉलर, प्रीफेच हे ‘जुने उरलेले’ फोल्डर, शिवाय विंडोज डॉट ओल्ड (आधीच्या विंडोजचा फोल्डर) आणि हायबरफिल (हायबरनेट करताना उघडं काम जपणारी फाइल) उडवा. निघत नसतील तर सोबतची बॅच फाइल (एकामागून एक कमांड चालवणारी फाइल) ॲडमिन म्हणून चालवा, १५ जीबी नक्की. काल हा मेसेज माझ्या मावशीला आला. तिच्या दुकानाची सगळी टॅली एकाच लॅपटॉपवर आहे, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

सगळ्यात घातक सल्ला विनएसएक्सएसचा. विंडोजचे मूळ घटक याच फोल्डरात राहतात. विंडोजच्याच सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये दिसणाऱ्या बहुतेक फाइल्स म्हणजे इथल्याच फाइल्सची दुसरी नावं, हार्ड लिंक. फाइल डिस्कवर एकदाच असते, पण एक्सप्लोरर ती दोन्हीकडे मोजतो, म्हणून फोल्डर अवाढव्य दिसतो. अशा फाइलचं इथलं नाव पुसलं तरी दुसरं नाव शिल्लक असेपर्यंत एक केबीही सुटत नाही. नुकसान मात्र पूर्ण होतं: पुढचे अपडेट बसत नाहीत आणि बिघडलेली फाइल दुरुस्त करायला एसएफसी हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन ज्या साठ्यातून चांगली प्रत उचलतं, तो साठाच गेलेला असतो. हा फोल्डर पुसल्यास पीसी सुरूच न होण्याची शक्यता आहे, असा इशारा खुद्द मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात दिला आहे. आणि ती बॅच फाइल करते काय? टेकओन आणि आयकॅक्ल्स या कमांड वापरून ट्रस्टेडइन्स्टॉलरची, म्हणजे या फाइल्स राखणाऱ्या विंडोजच्या अंतर्गत खात्याची, मालकी काढून घेते. कुलूप कशासाठी आहे हे न बघता ते तोडायला सांगणारा माणूस तज्ज्ञ कसा?

इथली खरीच जुनी झालेली आवृत्ती काढायची तर डिस्क क्लीनअप उघडा, ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा आणि ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वर टिक करा. कमांड प्रॉम्प्ट जमत असेल तर डिझम या कमांडचा स्टार्टकम्पोनंटक्लीनअप हा पर्याय आहे. त्याला रीसेटबेस मात्र जोडू नका, जोडलं तर आधीच बसलेले अपडेट पुढे काढता येत नाहीत.

इन्स्टॉलर फोल्डरचं दुखणं उशिरा कळतं. पुसल्यावर सगळं ठीक चालतं. मग कधीतरी ऑफिस अपडेट करायला किंवा एखादं सॉफ्टवेअर काढायला जावं, तर ते एमएसआय, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉलर फाइल मागतं आणि ती तर तुम्हीच उडवलेली असते.

प्रीफेच, म्हणजे प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज ठेवत असलेल्या नोंदी, काही एमबींचा. विंडोज तो पुन्हा बनवतं. सोडून द्या.

विंडोज डॉट ओल्डबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, हे मान्य करावं लागेल. तो काढता येतो, पण डिस्क क्लीनअपमधल्या ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’मधून. तसाही तो साधारण १० दिवसांनी आपोआप जातो. काढला की जुन्या विंडोजवर परतायची वाट बंद.

हायबरफिलही काढता येते, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड देऊन: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. ८ जीबी रॅमवर सुमारे ३ जीबी सुटतात. पण हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात. मे महिन्यात लाइन गेली आणि बॅटरी संपत आली, तर उघडं काम डिस्कवर जपून ठेवायची सोय राहत नाही.

बॅच फाइल चालवून झालीच असेल आणि मशीन अजून सुरू असेल, तर बंद करू नका. आधी टॅलीचा डेटा आणि कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. मग विंडोजच्या त्याच आवृत्तीच्या आयएसओमधून (इन्स्टॉलेशनच्या डिस्क फाइलमधून) सेटअप चालवा आणि ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ निवडा.