सापाला अक्षरं चारायचा धंदा

साप फिरवत टाइप करायची ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा संध्याकाळी सातला ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या बसमध्ये उभा करा.

रविवारी भाच्याने कौतुकाने माझ्या फोनमध्ये कसलासा कीबोर्ड टाकला. "मामा, भारी आहे, गेम खेळत टाइप करायचं!" स्क्रीनभर अक्षरं विखुरलेली, त्यांत बोटाने एक साप वळवत न्यायचा. तो गिळेल ते अक्षर उमटणार. दर घासाला साप लांबतो. कडेला किंवा स्वतःच्याच शेपटीवर आपटला की अख्खा शब्द साफ!

काल मानपाड्याच्या अलीकडे बस ठप्प. एका हातात दांडी, एका हातात फोन. बायको सासूबाईंना घेऊन स्टेशनजवळच्या दवाखान्यात, त्यामुळे तिचा फोन सायलेंट. कळवायचं एवढंच, "ट्रॅफिकमध्ये अडकलोय". मोजा हो जरा. नुसत्या "ट्रॅफिकमध्ये"ला काना-मात्रा, पाय मोडणं धरून १२ घास! नऊ झाले, 'ध'चा पाय मोडायला वळलो आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. साप भिंतीवर. पुन्हा 'ट'पासून. जुना कीबोर्ड परत कुठून आणायचा ते फक्त भाच्याला ठाऊक, आणि साहेब क्लासला.

१९९७ च्या नोकिया ६११० मध्येही साप होता की. पण तो त्याच्या जागी, मेसेज त्याच्या जागी. 'एस' हवा तर सातचं बटण चारदा दाबा. कटकट होती, पण बोटांना सवय झाली की न बघताही जमायचं.

खेळासारखं लिहिणं मुळातच वाईट, असं नाही म्हणत मी. केंब्रिजच्या डेव्हिड वॉर्ड आणि डेव्हिड मॅके यांचं 'डॅशर' आहे, त्यात समोरून येणाऱ्या अक्षरांतून वाट काढत लिहायचं, नुसत्या नजरेनेही. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना ते केवढं कामाचं! शिवाय पुढे जे अक्षर यायची शक्यता जास्त, त्याला ते मोठी जागा देतं. आमचा साप? 'ळ' तर सापडलाच नाही मला.

कापूरबावडीपर्यंत चारदा मेलो. शेवटी चुकून "ट्रॅ" एवढंच गेलं. ॲपने तीन तारे दिले. बायकोचं उत्तर आलं, "काय ट्रॅ?"

रात्री भाच्याला झापायला फोन केला. म्हणतो, "मामा, तू अजून पहिल्याच लेव्हलला? 'ळ' पुढच्या लेव्हलला उघडतो."