साडेतीनचा मी, आज तीनवर

सकाळी सहाला टेनिस कोर्टवर गेलो तर बोर्डावर लीगची यादी लागलेली. माझ्या नावापुढे ३.०. मागच्या वर्षी ३.५ होतो. बाजूचा एक भाऊ म्हणतो, "काहून तोंड पाडून राहिले? साठीनंतर बीपी वाढते, रेटिंग घटते." हसलो, पण लागलं.

खेळाचा दर्जा मोजायचं हे माप अमेरिकेच्या टेनिस संघटनेचं. १.० ते ७.०, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं, सात म्हणजे जागतिक दर्जाचा व्यावसायिक. तिकडे नवा माणूस आपला आकडा आपणच लिहितो, मग मॅचच्या निकालांवरून कॉम्प्युटर तो सुधारतो. आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, कमिटी आहे. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर बसणारे तिघं.

आणि हेच तिघं डिसेंबरात कुठं होते? तेव्हा एका काकांनी फॉर्मवर स्वतःच ३.० लिहिलं. वय ७१, दोन्ही गुडघे बदललेले. डबल्समध्ये आम्हाला ६-२, ६-१ धुतलं! काका जागचे हलले नाहीत. स्लाइस असा की बॉल टप्पा पडून उठतच नाही, आणि वर पाहिलं की लॉब, डोक्यावरून जाणारा उंच फटका, बरोबर उन्हात. मी संत्रा मार्केटातल्या हमालासारखा पळून राहिलो होतो. हा माणूस तीनचा? कपासाठी आकडा पाडून लिहायचा, ही सरळ चोरी आहे, अन् आपल्यात असे किती आहेत ते तुम्हालाही माहीत आहे.

बरं, काकांना धावता येत नाही हे मान्य. पण आकडा खेळाचा असतो, गुडघ्याचा नाही. वयाचे गट वेगळे असतात, पाच-पाच वर्षांचे, तिथं खेळा ना.

रागारागात घरी येऊन ३.० चं वर्णन काढून वाचलं. मध्यम वेगाचे फटके बऱ्यापैकी टिकतात, दिशा-खोली साधायला गेला की गडबड. आणि पुढे, डबल्समध्ये बहुतेक वेळा एक नेटवर, एक मागे.

डिसेंबरात काका अन् त्यांचा जोडीदार, दोघंही नेटवर होते. माझा जोडीदार पुढे आणि मी? पार मागे, बेसलाइनवर. दोन्ही सेट.

एक सांगायचं राहिलं. यादीत काकांना ३.५ केलंय. ते कमिटीशी भांडतील असं वाटलं होतं. ते चष्मा पुसत माझ्याकडेच आले. "तुम्ही तीन, मी साडेतीन. बेरीज साडेसहा, त्या जोडीत बसतो आपण. खेळता का? पळायचं तुम्ही."

मी म्हटलं, रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळी, तुटलंय, पाहतो. तुटलं-बिटलं काही नव्हतं.

पण संध्याकाळी धरमपेठेत जाऊन रॅकेट गटिंगला टाकून आलो. परवा मिळेल म्हणाला.