रेती घेताय? पावती मागू नका

सोसायटीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलंय? छान. रेती रात्री अडीचलाच उतरवून घ्या. दिवसा येणारी रेती कायदेशीर निघण्याचा धोका असतो.

डंपरवाल्याकडे पावती मागू नका. भांडुपात गेल्या आठवड्यात मी मागितली. त्याने मोबाइलवर वाहतूक परवान्याचा फोटो दाखवला. तारीख आदल्या दिवशीची, गाडीचा नंबर भलताच. बिलावर मात्र ठसठशीत 'रॉयल्टीसकट'. रॉयल्टी, म्हणजे रेती काढल्याबद्दल सरकारला द्यायचा मोबदला, हा कर नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी ठरवलं. आमच्या डंपरवाल्याला ते आधीच ठाऊक असावं. तो ती सरकारला भरतच नाही.

ब्रास (म्हणजे शंभर घनफूट) मोजू नका. (दोन सांगितल्या, टेप लावल्यावर दीड भरली.)

भावाबद्दल तर अवाक्षर काढू नका. २०२३ मध्ये सरकारने डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचं जाहीर केलं. वा! बाजारात जिला हजारोंनी गिऱ्हाईक आहे ती ६०० ला ठेवली, की मधला पैसा हवेत विरतो का? ज्याची गाडी, ज्याची ओळख, त्याच्या खिशात जातो. मी ब्रासला साडेआठ हजार मोजले! २०२५ मध्ये ते गुंडाळून पुन्हा लिलाव. म्हणजे बोली चढवायची, आणि ती वसूल करायला रात्री रेती ओढणारा सक्शन पंप लावायचा. बरं, रॉयल्टी वाढवा म्हणावं, तर पहिला मरतो तो परवाना काढून हातपाटीने रेती काढणारा. चोराला काय, तेवढाच फायदा जास्त! नाक्यावर डंपर मोजणारा माणूस उभा करत नाही, तोवर ६०० काय नि ६००० काय?

रेतीत शिंपले निघाले तर पोरांना खेळायला द्या.

मी चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट. खाडीतली, न धुतलेली. स्लॅबच्या सळया खाणार ती. आमचे अध्यक्ष म्हणाले, "चालवून घ्या हो." काय चालवून घ्या? कायद्यात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, तो काय पाठ करायला? वैतरणेच्या पुलाखालची रेती उपसतात म्हणून रेल्वे वर्षानुवर्षं ओरडतेय. त्याच पुलावरून डहाणू लोकल जाते, तुमचीच माणसं असतात तिच्यात. आणि तुम्ही ब्रासमागे पाचशे सुटले म्हणून खूश! लाज वाटत नाही?

मीसुद्धा ती परत पाठवली नाही. गच्ची उघडी पडली होती, वर आभाळ भरून आलं होतं. बिलावर सेक्रेटरी म्हणून सही माझीच आहे.