तांत्रिक कारण म्हणे! दिव्याचं फाटक म्हणा की सरळ

"तांत्रिक कारणामुळे गाड्या उशिराने धावत आहेत." कसलं डोंबलाचं तांत्रिक कारण? मध्य रेल्वेवर ठाणे-डोंबिवलीच्या मधलं दिवा स्टेशन, तिथलं रस्त्याचं फाटक लागत नाहीये, एवढं बोलायला जीभ झडते का?

फाटक सिग्नलला जोडलेलं असतं. दांडी पूर्ण खाली येऊन लॉक बसलं तरच सिग्नल मिळतो. गर्दीला रिक्षा-टेम्पो एकमेकांना चिकटून रुळांवरच अडकतात, बाइकवाले उतरत्या दांडीखालून मुंडी वाकवून घुसतात. दांडी अधांतरी, सिग्नल लाल. पिक अवरला मागची लोकल तीन-चार मिनिटांवर असते, म्हणजे फाटकाने पाच मिनिटं खाल्ली की किमान एक लोकल मागे तुंबलीच. तीही स्लो आणि फास्ट दोन्हीवर, कारण रस्ता सगळेच रूळ ओलांडतो. कसाऱ्याच्या माणसाला पत्ताही नसतो आपण कशासाठी लटकलोय.

उपाय उड्डाणपूल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण रुळांवरचा भाग रेल्वेचा, जोडरस्ते महापालिकेचे, जोडरस्त्याच्या जागेवर राहणाऱ्यांच्या पुनर्वसनाचं घोंगडं भिजत. वर्षानुवर्षं हेच.

मुळात दिव्याला काही मिळालं ते भांडूनच. 2 जानेवारी 2015 ला एका लोकलचा पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) तुटून गाड्या रखडल्या आणि लोक रुळांवर उतरले. दगडफेक, जाळपोळ, सगळं झालं. (समर्थन नाही, पण आठवण ठेवा.) फास्ट लोकल थांबायला लागली ती डिसेंबर 2016 मध्ये! रूळ इथे 1854 पासून आहेत.

मग फेब्रुवारी 2022 ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन आली. मेल-एक्सप्रेस वेगळ्या झाल्या की लोकल वाढणार, असं किती वर्षं ऐकवलं. वाढल्या 36 फेऱ्या. त्यातल्या 34 एसी. साध्या पासवाल्याने काय, काचेतून बघायचं?

सकाळी कल्याण-डोंबिवलीहून गाडी ठासून भरूनच येते, दिव्याला दारातले लोक आत घेत नाहीत. म्हणून दिवेकर आधी उलटे कल्याणला डाऊन जातात आणि तीच गाडी बसून पकडतात. त्यासाठी पासही कल्याणपासूनचा काढायचा, दिव्यात राहून! दिवा-सीएसएमटी लोकल द्या म्हटलं की 'शक्य नाही'. आणि दादर-रत्नागिरी पॅसेंजर मात्र कोरोनानंतर दिव्यातूनच सुटते. रत्नागिरीची गाडी इथून सोडायला जमतं, सीएसएमटीची नाही?