खुलासा: 2020 चा स्टॅनले कप दिला गेला होता

‘कोरोनामुळे 2019-20 चा एनएचएल हंगाम रद्द झाला आणि इतिहासात पहिल्यांदाच स्टॅनले कप कुणालाच मिळाला नाही’ असा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. त्यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत. (एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, आणि स्टॅनले कप म्हणजे आता तिच्या विजेत्याला मिळणारा चषक.)

12 मार्च 2020 ला लीग थांबली, हे खरं. साखळीतले उरलेले 189 सामने पुढे झालेच नाहीत, घोळ बहुधा तिथेच झाला असावा. पण 1 ऑगस्टपासून 24 संघ टोरांटो आणि एडमंटन इथे बायो-बबलमध्ये, रिकाम्या स्टेडियमांत खेळले. 28 सप्टेंबरला एडमंटनमध्ये टँपा बे लाइटनिंगने डॅलस स्टार्सला 2-0 असं हरवून मालिका 4-2 ने जिंकली. कप त्यांनाच मिळाला.

आता ‘पहिल्यांदाच’बद्दल. त्याआधी दोनदा कप विजेत्याविना राहिलाय आणि दोन्ही नोंदी खुद्द कपावरच कोरलेल्या आहेत. 1919 च्या नोंदीत माँट्रियल कॅनडियन्स आणि सिएटल मेट्रोपॉलिटन्स यांची मालिका अपुरी राहिल्याचं लिहिलंय. दोघांचे दोन-दोन विजय, एक बरोबरी, आणि निर्णायक सामन्याआधी स्पॅनिश फ्लूने खेळाडूंना गाठलं. त्यातच कॅनडियन्सचा जो हॉल सिएटलमध्ये दगावला. दुसरी नोंद 2004-05 ची, ‘हंगाम खेळला गेला नाही’. तिथे साथ नव्हती, पगाराच्या मर्यादेवरून मालक आणि खेळाडू भांडत होते!

मेसेज आलाच तर कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.