गाणी अडकतात म्हणून प्लॅन वाढवू नका, आणि मूळ फाइल्स तर अजिबात उडवू नका

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. कॉम्प्युटरवर ठेवलेली गाणी घरच्या वायफायवरून टीव्हीवर किंवा स्पीकरवर लावताना अडकत असतील, दिसतच नसतील, तर चार गोष्टी करा म्हणे: इंटरनेटचा प्लॅन वाढवा, सगळ्या फ्लॅक फाइल्स (आवाजातलं काहीही न गाळता साठवलेल्या) एमपी३ करून मूळ फाइल्स डिलीट करा, फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारा पहारा) बंद करून एसएमबी१ (विंडोजची फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा, आणि महागडी केबल लावा म्हणजे आवाजही सुधारेल. चारही सल्ले चुकीचे आहेत, त्यातले दोन तर सरळ नुकसान करणारे, म्हणून एकेक घेतो.

प्लॅनचं आधी. डीएलएनए म्हणजे घरातल्या उपकरणांनी एकमेकांना गाणी-व्हिडिओ पाठवायची पद्धत; तिच्यावर गाणं कॉम्प्युटरमधून राउटरला जातं आणि राउटरमधून टीव्हीला, ते घराबाहेर पडतच नाही, इंटरनेटची वायर काढून बघा, गाणं चालूच राहील. सीडीच्या दर्जाचा आवाज काहीही कॉम्प्रेस न करता पाठवला तरी सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात, फ्लॅकला त्याहून कमी, आणि २४ बिट १९२ किलोहर्ट्झची भलीमोठी फाइल घेतली तरी साधारण ९.२. एवढं जुनं वायफायसुद्धा नेतं. अडकतं ते सिग्नल मधेच तुटतो म्हणून: मधे काँक्रीटची भिंत, बिल्डिंगमधले सगळे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकाच चॅनेलवर, शेजारी मायक्रोवेव्ह चालू. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो निवडा, राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झ लावा. पैसे शून्य.

आता फ्लॅकचं, आणि इथे मला खरंच कळकळीनं सांगायचंय. किती घरांत जुन्या कॅसेट, नाट्यगीतं, घरच्या बैठकींची रेकॉर्डिंग कुणीतरी तासन्‌तास बसून कॉम्प्युटरवर उतरवलेली असतात, आणि हा मेसेज वाचून लोक त्याच्या मूळ फाइल्स उडवायला निघालेत! एमपी३ करताना जो आवाज गाळला जातो तो नंतर कशानंही परत येत नाही, एमपी३ची पुन्हा फ्लॅक केली तरी नाही. आधी दुखणं ओळखा. एमपी३ वाजतंय पण फ्लॅक मुळीच सुरू होत नाही, 'फॉरमॅट सपोर्ट नाही' असं येतंय, तर तो नेटवर्कचा दोष नाही, त्या टीव्हीला तो प्रकार वाचता येत नाही. जेलीफिनसारखा मीडिया सर्व्हर, म्हणजे कॉम्प्युटरवरची गाणी टीव्हीला पुरवणारा प्रोग्रॅम, अशा वेळी गाणं वाजवताना तिथल्या तिथे बदलून पाठवतो आणि मूळ फाइलला हात लावत नाही. आणि फ्लॅक सुरू होऊन मधेमधे तुटत असेल तर वर सांगितलेला सिग्नल बघा, फाइल बहुधा निर्दोष असते. खात्री करायचीच असेल तर तीच फाइल फोनमध्ये कॉपी करून तिथे वाजवा.

फायरवॉल आणि एसएमबी१ वाला सल्ला तर धोकादायक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी१ मधल्याच भगदाडातून, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी१ चा सर्व्हरचा भाग बाय डीफॉल्ट देणं बंद केलं. तो परत चालू करू नका. विंडोजमध्ये घरचं वायफाय 'पब्लिक' धरलं गेलं असेल तर 'प्रायव्हेट' करा आणि फायरवॉलमध्ये फक्त मीडिया सर्व्हरला परवानगी द्या, बाकी फायरवॉल चालूच राहू दे.

टीव्हीवर मीडिया सर्व्हर दिसत नाही याची बाकीची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. टीव्ही गेस्ट वायफायवर असतो, किंवा फायबरवाल्याचा डबा आणि आपला राउटर दोघंही उपकरणांना वेगवेगळे नेटवर्क-पत्ते (आयपी) वाटत असतात, म्हणजे कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि टीव्हीचा १९२.१६८.० ने. टीव्ही 'कुणी सर्व्हर आहे का' अशी हाक एकदम सगळ्यांना मारतो, आणि ती हाक दुसऱ्या राउटरच्या पलीकडे जात नाही. आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो स्वतः पत्ते न वाटता फक्त वायफाय देईल, दोन्ही एकाच नेटवर्कमध्ये येतील. आयफोनवरून दिसत नसेल तर सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला लोकल नेटवर्कची परवानगी आहे का बघा, २०२० च्या आयओएस १४ पासून ती लागते. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करून बघा.

राहिली केबल. डीएलएनएवर गाणं एचटीटीपीने, म्हणजे टीसीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीवरून जातं, वाटेत तुकडा हरवला किंवा बिघडला तर तो परत मागवला जातो, त्यामुळे पोचलेली फाइल मूळ फाइलसारखीच असते आणि महागड्या केबलने त्यात गोडवा येत नाही. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, तीच घ्या. कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही वायफायवर असले की प्रत्येक गाणं हवेतून दोनदा जातं, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा तिथून पुढे, म्हणून निदान गाणी ज्यावर आहेत तो कॉम्प्युटर तरी वायरने जोडा, हवेतला भार तिथेच निम्मा होतो.